विरोधात बोलतील: वनमाला मांडवगडे

गौतम सरांच्या सुनेला सातव्याच महिन्यात कळा सुरू झाल्या आणि सर बायकोला घेऊन मिळेल त्या गाडीने पुण्याला निघून गेले. पुढे बाळ-बाळंतीण दोघंही सुखरूप राहिली, पण रायपूरच्या मराठी मंडळाची मात्र पंचाईत झाली. रविवारच्या वादविवादाची पत्रकं वाटून झाली होती. विषय होता, ‘विकसनशील देशाला अणुवीज परवडेल का?’ बाजूने बोलणार होते वीज मंडळातले निवृत्त कार्यकारी अभियंता रामकृष्ण मांडवगडे, आणि विरोधात गौतम सर. आता विरोधातच कोणी उरलं नव्हतं.

मंडळाचे सचिव यज्ञेश्वर हे सांगायला तेलीबांध्याला मांडवगड्यांच्या फ्लॅटवर आले. त्यांचा चेहरा इतका पडला होता, की रामकृष्णांना आधी वाटलं, सरांनाच काही झालं.

“भाऊ, तुम्ही एकटेच बोला,” यज्ञेश्वर म्हणाले. “व्याख्यान ठेवून देऊ.”

“छे! समोर कोणी नसलं तर मजा काय? महिनाभर तयारी करून राहिलो मी.”

रामकृष्णांच्या पत्नी वनमालाबाई चहा घेऊन बाहेर आल्या. कप टेबलावर ठेवले आणि पदराला हात पुसत म्हणाल्या, “मी बोलते ना विरोधात.”

दोघंही हसले. रामकृष्ण तर जरा जास्तच हसले. बाई हसल्या नाहीत.

“काहून? मले बोलता येत नाही?”

“तसं नाही वहिनी,” यज्ञेश्वर सावरून म्हणाले, “पण विषय जरा... टेक्निकल आहे.”

“मी सत्तावीस वर्षं एक्स-रे काढले,” बाई म्हणाल्या. “टेक्निकलच होतं ते.”

यज्ञेश्वरांनी रामकृष्णांकडे पाहिलं. रामकृष्णांनी खांदे उडवले आणि डोळे मिचकावले. सोमवारी संध्याकाळी मंडळाच्या फळ्यावर गौतम सरांचं नाव पुसून खडूने लिहिलं गेलं: विरोधात बोलतील, वनमाला मांडवगडे.

रामकृष्ण मूळचे वर्ध्याचे, बाई नागपूरच्या. लग्नानंतर वर्षभरातच त्यांची बदली कोळशाच्या पट्ट्यात उभ्या राहणाऱ्या एका नव्या वीजघरावर झाली. जंगल तोडून केलेल्या सपाटीवर पत्र्याचे क्वार्टर होते आणि आठवड्यातून एकदा भाजीचा ट्रक यायचा. तिथेच त्यांची मुलगी राधिका झाली. बाईंनी राधिका तीन वर्षांची झाल्यावर एक्स-रेचा कोर्स केला आणि त्या प्रकल्पाच्या दवाखान्यात नोकरीला लागल्या. रामकृष्णांचं सगळं आयुष्य बॉयलरसमोर गेलं. निवृत्तीनंतर ते रायपूरला आले, राधिकाच्या इमारतीतच चौथ्या मजल्यावर. राधिका दुसऱ्या मजल्यावर राहायची आणि नव्या रायपुरातल्या एका सरकारी कार्यालयात आकडेवारीचं काम करायची. दोघांनीही तिला आपल्या बाजूला ओढायचा प्रयत्न केला.

“मैं नहीं पड़ती इसमें,” ती हात जोडून म्हणाली. “मम्मी, पापा, आप दोनों लड़ लो. मी फक्त टाळ्या वाजवीन.”

तो आठवडा घरात मोठा गमतीचा गेला. घरात लिहायला टेबल एकच, जेवणाचं. सकाळी दहा ते बारा रामकृष्ण, दुपारी तीन ते पाच बाई, असं ठरलं. उठताना रामकृष्ण आपले कागद पालथे घालून त्यावर साखरेचा डबा ठेवायचे. बाईंच्या वहीवर काहीच नसायचं, कारण ती त्या पिशवीत घालून भाजीलाही सोबत न्यायच्या.

बुधवारी त्या भेंडी चिरता चिरता सहज म्हणाल्या, “अहो, विजेची मागणी सगळ्यात जास्त केव्हा असते?”

“संध्याकाळी, सात ते दहा,” रामकृष्ण पेपरातून मान वर करून म्हणाले. “दिवसा सूर्याची वीज भरपूर येऊन राहिली आता, ती सांभाळून घेते. पण सूर्य बुडाला की सगळा भार पुन्हा कोळशावर. म्हणून तर—” आणि त्यांनी कपाळावर हात मारला. “तू माझ्याकडूनच मुद्दे काढून राहिली!”

“तुम्ही सांगून राहिले. मी फक्त भेंडी चिरून राहिली.”

रात्री मात्र नेहमीसारखंच चाले. बाईंचा मोतीबिंदू काढून तीन आठवडे झाले होते. त्यांच्या डोळ्यात थेंब टाकायचं काम रामकृष्णांचं. ते एका हाताने पापणी वर धरत, दुसऱ्या हाताने बाटली दाबत आणि मनातल्या मनात पाचपर्यंत मोजत. त्या पाच अंकांत अणूचा विषय निघत नसे.

गुरुवारी ते दोघं रायपुरातच गुढियारी भागात नत्थूकडे गेले. नत्थू गोंदियाकडचा. वीजघरात राखेच्या विभागात तीस वर्षं होता. बॉयलरच्या तळाला साचलेली राख ओढायची, पाण्यात कालवून तळ्याकडे पाठवायची, नळ तुंबला की आत उतरून मोकळा करायचा, हे त्याचं काम. आता तो मुलाकडे राहायचा. दम लागायचा म्हणून खाटेजवळ प्राणवायूचं यंत्र ठेवलेलं असे. रामकृष्ण महिन्यातून एकदा त्याला भेटायला जात. त्या दिवशी त्यांना एक परवानगीही हवी होती.

“नत्थू, रविवारी मी बोलणार आहे. अणूच्या वीजघराबद्दल. तिथं राख नसते. तुझं नाव घेऊ का?”

“घ्या ना सायेब,” नत्थू म्हणाला. त्याने दोन श्वास घेतले. “पन एक इचारतो. राख नाही, तं राखेवर मानसं बी नाही. मंग माह्यासारक्याले तिथं काय काम भेटन? म्या चौथी शिकलो. पोरायचं शिक्षण त्याच राखेवर झालं.”

रामकृष्णांनी बाईंकडे पाहिलं. बाई नत्थूच्या सुनेने दिलेला चहा पीत होत्या.

परतताना स्कूटरवर मागून त्या म्हणाल्या, “हा प्रश्न तुमच्याही कागदात नाही आणि माझ्याही नाही.”

“हव,” रामकृष्ण म्हणाले.

शनिवारी दुपारी बाईंनी आपली वेळ सोडली आणि त्यांना टेबलाशी बोलावलं.

“एक गोष्ट सांगते तुम्हाले. नत्थूची छातीची पहिली फिल्म मीच काढली होती. शहाण्णव साली. दोन्ही बाजूंना पांढरे ठिपके होते. डॉक्टरनं टीबी लिहिला आणि गोळ्या सुरू केल्या. दोन वर्षांनी पुन्हा आला, ठिपके वाढले होते. पुन्हा टीबी. टीबी नव्हता तो, राख बसली होती छातीत. माझ्या डोळ्यांना दिसत होतं, पण एक्स-रे काढणाऱ्यानं मत द्यायचं नसते. मी एकदा बोलले डॉक्टरांसमोर. ते म्हणाले, बाई, तुम्ही फक्त बटण दाबा.” त्यांनी वहीची कड बोटाने सरळ केली. “असे मी बारा-पंधरा जण पाहिले. उद्या तुम्हाले पाहिजे तर वापरा.”

रामकृष्ण त्यांच्याकडे बघतच राहिले. “अगं, हे तर तुझ्याच विरोधात जाईल.”

“खरं आहे ना? मग जाऊ द्या.”

“मले कधी सांगितलं नाही तू.”

“तुम्ही बॉयलर बंद करणार होते का?”

रविवारी सभागृह भरलं. मंडळाच्या नाटकाला येतात त्याहून जास्त माणसं आली, कारण नवरा-बायको भांडणार ही बातमी पार ब्राह्मणपाऱ्याच्या जुन्या वस्तीपर्यंत पोचली होती. राधिका पहिल्या रांगेत बसली होती. नत्थूचा मुलगा त्याला रिक्षाने घेऊन आला होता आणि त्याने वडिलांना दाराजवळ, हवा लागेल अशा खुर्चीवर बसवलं होतं.

रामकृष्ण आधी बोलले आणि फार चांगलं बोलले. दोनशे दहा मेगावॅटच्या एका युनिटला दिवसाला तीन हजार टन कोळसा लागतो आणि त्यातली हजार-बाराशे टन राख होते, हे सांगून त्यांनी विचारलं, “ही राख जाते कुठं?” मग स्वतःच उत्तर दिलं: तळ्यात, शेतात, वाळत घातलेल्या कपड्यांवर आणि माणसांच्या छातीत. त्यांनी नत्थूची गोष्ट सांगितली. ठिपक्यांचीही सांगितली, आणि ती कोणाकडून कळली हेही सांगितलं. तेवढ्याच विजेला अणुकेंद्रात वर्षभराचं इंधन तीन-चार ट्रकांत मावतं, असं सांगितल्यावर मागून कोणीतरी “बाप रे” म्हणालं.

पण त्यांचा अर्धा वेळ ठेवलेला होता तो किरणोत्सर्गाच्या भीतीसाठी. विरोधक हीच भीती घालणार याची त्यांना खात्री होती. त्यांनी परदेशातले अपघात घेतले, त्यानंतर बदललेल्या रचना समजावल्या, वापरलेलं इंधन कसं ठेवतात ते सांगितलं. गौतम सर असते तर त्यांच्या हातात फारसं काही उरलं नसतं. रामकृष्ण घाम पुसत खाली बसले तेव्हा टाळ्या बराच वेळ चालल्या.

बाई उठल्या. माइक त्यांच्यासाठी उंच होता. यज्ञेश्वरांनी धावत येऊन तो खाली केला.

“किरणांबद्दल मी बोलणार नाही,” त्या म्हणाल्या. “मी सत्तावीस वर्षं छातीवर बिल्ला लावून काम केलं. किती किरणं अंगात गेली ते मोजणारा बिल्ला. दर तीन महिन्यांनी तो मुंबईला तपासायला जायचा आणि कागद यायचा. एकदाही मर्यादेच्या वर आकडा आला नाही. नियम पाळले तर भिण्यासारखं काही नसतं, हे मांडवगडे साहेबांपेक्षा मले जास्त माहीत आहे.”

सभागृह हसलं. रामकृष्णांनी पेन खाली ठेवलं. त्यांच्या खंडनाचे सगळे मुद्दे त्या चार-सहा वाक्यांत निकामी झाले होते.

“मी वेळेबद्दल बोलणार आहे. आमचं लग्न झालं त्याच्या पुढच्या वर्षी ह्यांचं वीजघर सुरू झालं, म्हणजे पाया खणायला सुरुवात झाली. पाच वर्षांत युनिट पेटणार होतं. ह्यांनी मले सांगितलं, युनिट पेटलं की नागपूरले बदली मागतो. मी पत्र्याच्या क्वार्टरमध्ये राहिले. उन्हाळ्यात पत्रा इतका तापायचा, की मी राधिकाले पलंगाखाली निजवायची. पाच वर्षं झाली. पाइप आले नाहीत. मग पाइप आले, तं ठेकेदार पळाला. मग संप झाला. मग जर्मनीहून एक भाग यायचा होता, तो बंदरात पडून राहिला. दरवर्षी हे सांगत, पुढच्या दिवाळीपर्यंत. मीही माझ्या बाबांना पत्रात लिहायची, पुढच्या दिवाळीपर्यंत. सातव्या वर्षी बाबा गेले. युनिट पेटलं तेव्हा राधिका चौथी पास झाली होती.”

पहिल्या रांगेत राधिकाने मान खाली घातली.

“तक्रार नाही करून राहिली मी. साध्या कोळशाच्या वीजघराला, जे आपल्या लोकांना बांधता येतं, त्याले एवढी वर्षं लागली. अणूचं त्याहून कठीण, त्याहून महाग. एवढा पैसा दहा-पंधरा वर्षं अडकून पडणार, आणि तोपर्यंत कोळसा जळतच राहणार. नत्थूभाऊंसारखे तोपर्यंत राख ओढतच राहणार. श्रीमंत देशाले उशीर परवडतो. आपल्याले उशीर झाला तर त्या वर्षांत कोणाचं तरी आयुष्य निघून जाते. आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर सौर पॅनल तीन दिवसांत बसले. रात्री ते चालत नाहीत, हे साहेब आता सांगतील. ते खरं आहे. त्याचं उत्तर माझ्याकडे पुरतं नाही. पण जे तीन दिवसांत होते ते आधी करा, एवढंच माझं म्हणणं.”

त्यांनी वही मिटली. वहीकडे त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं, हे तेव्हा लोकांच्या ध्यानात आलं.

खंडनाला रामकृष्णांकडे तीन मिनिटं होती. ते माइकपाशी गेले आणि त्यांनी खंडनाचा कागद घडी करून खिशात घातला.

“दहा वर्षं आणि आठ महिने,” रामकृष्ण म्हणाले. “मी रोज मोजत होतो. ही पण मोजत होती, हे मले माहीत नव्हतं.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “उशीर झाला, हे खरं आहे. पण ते युनिट आज तेहतीस वर्षं चालून राहिलं. हिचं एक्स-रेचं मशीन त्याच विजेवर चालत होतं. आमच्या पत्र्याच्या क्वार्टरमध्ये पंखा फिरला तो त्याच विजेवर. उशिरा झालेली गोष्ट चुकीची असते, असं मी म्हणणार नाही. मी अजूनही म्हणतो, संध्याकाळी सात वाजता या देशाले कोळशाशिवाय दुसरं काहीतरी लागेल, आणि ते अणूच असू शकते. फक्त कोणी येऊन म्हणालं की पाच वर्षांत देतो, तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. आधी त्याच्या बायकोले विचारा.”

हशा आणि टाळ्या एकदमच आल्या. त्यानंतर प्रश्न घेतले, तेव्हा नत्थूने हात वर केला आणि तोच प्रश्न विचारला, जो गुरुवारी विचारला होता. व्यासपीठावरून नवरा-बायकोंनी एकमेकांकडे पाहिलं. “नत्थू, आमच्या दोघांकडेही याचं उत्तर नाही,” रामकृष्ण म्हणाले. “पण ज्यांना हे ठरवायचं आहे त्यांना आधी हेच विचारायले पाहिजे.” त्यावर मागच्या रांगांत पंधरा मिनिटं वाद चालला आणि यज्ञेश्वरांना चहा आला असं जाहीर करून तो थांबवावा लागला.

हात वर करून मतं घेतली. बाजूने सत्तेचाळीस, विरोधात त्रेचाळीस. रामकृष्ण जिंकले. लोकांनी मात्र चहाच्या वेळी गराडा घातला तो बाईंना.

घरी जाताना रामकृष्णांनी तेलीबांध्याच्या तलावाकाठी स्कूटर थांबवली. संध्याकाळचे सहा वाजले होते, पोरं सायकली फिरवत होती. दोघं कठड्यावर बसले.

“नागपूरचं मनात राहिलं तुझ्या,” ते म्हणाले.

“राहिलं होतं. आता नाही.”

“मग आज काहून काढलं?”

“अहो, मुद्दा होता तो. तुम्ही राख काढली, मी उशीर काढला.” बाई म्हणाल्या, “आणि घरात बोलले असते तर तुम्ही मधेच बोलले असते. तिथं तुम्हाले सात मिनिटं गप्प बसायचं होतं.”

रामकृष्णांना हसू आलं, पण ते पुरतं आलं नाही. त्यांनी बाईंचा हात हातात घेतला. शेजारून जाणाऱ्या एका मुलीने पाहिलं तरी सोडला नाही. बाबांना शेवटचं भेटायला बाई नागपूरला एकट्या गेल्या होत्या, कारण त्या आठवड्यात बॉयलरची चाचणी होती. हे त्या भाषणात बोलल्या नव्हत्या. रामकृष्णांना ते आपलं आपणच आठवलं, आणि त्यांनी ते तिथे बोलून दाखवलं.

“हो,” बाई म्हणाल्या. “चाचणी फेल गेली होती ना ती?”

“फेल गेली.”

“मले तेव्हा फार राग आला होता. तुमचा नाही, त्या बॉयलरचा.”

दहा-बारा दिवसांनी यज्ञेश्वर पुन्हा घरी आले. दुर्गच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात त्यांचा भाचा शिकवत होता. त्याने त्या कार्यक्रमाचं मोबाइलवरचं चित्रण पाहिलं होतं. मुलांसमोर हाच वादविवाद करायचा, हिंदीत, आणि येण्याजाण्याची सोय कॉलेज करेल, असा निरोप होता.

“जाऊ,” रामकृष्ण लगेच म्हणाले.

“जाऊ,” बाईही म्हणाल्या, “पण या वेळी अणूच्या बाजूनं मी बोलणार.”

“आँ?”

“तुम्ही त्या दिवशी सगळा वेळ अपघातांवर घालवला. संध्याकाळच्या मागणीचा मुद्दा शेवटच्या अर्ध्या मिनिटात आणला. तुमची बाजू तुमच्यापेक्षा मी चांगली मांडीन.”

यज्ञेश्वर हसत हसत निघून गेले. रामकृष्ण जरा चिडले, मग विचारात पडले आणि शेवटी कबूल झाले. उशिराचा, पत्र्याच्या क्वार्टरचा, वाट पाहण्याचा सगळा भाग आता त्यांना बोलायचा होता, आणि त्यातलं त्यांना जवळजवळ काहीच ठाऊक नव्हतं. त्या वर्षांत ते पहाटे जात आणि अंधार पडल्यावर येत.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला, बाईंच्या वेळेत, ते कोरी वही घेऊन टेबलाशी बसले.

“सांग,” ते म्हणाले. “पहिल्यापासून सांग. मी कामावर गेलो की दिवसभर तू काय करत होती?”

बाईंनी शेंगा सोलायला घेतल्या.

“पहिल्या दिवशी ना,” त्या म्हणाल्या, “आधी मी रडले. मग पाणी कुठं मिळते ते पाहायले निघाले. शेजारच्या क्वार्टरमध्ये एक कमला नावाची तेलगू बाई राहायची. तिले मराठी येत नव्हतं, मले तेलगू येत नव्हतं. तिनं माझी बादली पाहिली आणि...”

“थांब, हळू सांग,” रामकृष्ण म्हणाले, “लिहून राहिलो मी.”